वडिलांचे रिव्हॉल्व्हर, वारसाचा परवाना आणि किमतीचा भरवसा

माझे वडील ९ जानेवारी २०२४ रोजी गेले. ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये त्यांचा चार लेथचा छोटा कारखाना होता आणि १९७८ पासून त्यांच्या नावावर विलायती बनावटीच्या .३२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचे माप) रिव्हॉल्व्हरचा परवाना होता. त्या काळी दर शनिवारी कामगारांच्या पगाराची रोकड बँकेतून कारखान्यापर्यंत आणावी लागे, त्यासाठीच ते शस्त्र घेतलेले होते. कारखाना २००६ साली बंद झाला, तरी परवान्याचे नूतनीकरण वडिलांनी एकदाही चुकवले नाही. ते गेल्यावर हे शस्त्र माझ्या नावावर होण्यास बरोबर एक वर्ष लागले. त्या वर्षात मला दोन प्रश्नांनी घेरले होते. कोणता कागद कुठे द्यायचा, हा पहिला. आणि ज्याची किंमत आज चार लाखांच्या पुढे सांगितली जाते ते जुने शस्त्र ठेवावे, की ते विकून लाखभराचे नवे देशी घ्यावे, हा दुसरा. दोन्ही बाबतींत नीट समजावून सांगणारे कोणी भेटले नाही, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

शस्त्राचा परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक गेला की घरात राहिलेले शस्त्र विनापरवाना ठरते, आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. दुःखाच्या त्या दिवसांत हे कोणाच्याच लक्षात नव्हते. तिसऱ्या दिवशी दादाने कपाट उघडले तेव्हा चामडी म्यानातील ते शस्त्र दिसले आणि आम्ही दोघेही थबकलो. त्याला हात न लावता पोलीस ठाण्यात फोन केला, हे योग्यच झाले. दुपारी एक हवालदार घरी आले, त्यांनी सिलिंडर उघडून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली आणि शेजारच्या डबीतील काडतुसे मोजली. ती चौदा भरली. १२ जानेवारीला शस्त्र, काडतुसे आणि मूळ परवाना पुस्तिका जमा करून आम्ही पावती घेतली. त्या पावतीवर शस्त्राचा क्रमांक, बोअर, बनावट आणि काडतुसांची संख्या आहे ना, हे तिथेच उभे राहून परवान्याशी ताडून पाहावे. पुढच्या प्रत्येक टेबलावर याच पावतीची प्रत मागितली गेली.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायला हवी. मी रिव्हॉल्व्हर त्याच्या चामडी म्यानासकट जमा केले. चामडे ओल धरते, आणि ठाण्याचा पावसाळा कसा असतो हे मला ठाऊक असायला हवे होते. वर्षभराने शस्त्र परत मिळाले तेव्हा म्यान जिथे जिथे घट्ट बसत होते, तिथे तिथे पोलादावर तांबूस ठिपके उमटलेले होते. जमा करताना जाणकाराकडून तेलाचा हात फिरवून घ्यावा आणि म्यान घरीच ठेवावे. शस्त्रविक्रेत्याकडे जमा केले तर तो महिन्याचे भाडे घेतो, परंतु निगाही राखतो. काम लांबण्याची चिन्हे असतील तर त्याचा विचार जरूर करावा.

शस्त्र नियम २०१६ मधील नियम २५ वारसांसाठी आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो, हे त्यात आहेच. शिवाय परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर तो हयातीतच आपल्या पसंतीचा वारस सुचवू शकतो. माझे वडील ८१ वर्षांचे होते आणि शस्त्र त्यांच्याकडे ४५ वर्षे होते. दोन्ही अटी कधीच पूर्ण झालेल्या होत्या. ते असताना हे केले असते तर ते स्वतः माझ्यासोबत आले असते, त्यांच्या सहीने काम झाले असते, आणि कदाचित ते शस्त्र कसे हाताळायचे हेही त्यांनीच मला शिकवले असते. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या नावावर परवाना आहे, त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

ठाणे महानगरपालिकेकडून मृत्यूचा दाखला मिळाल्यावर खरी अडचण समोर आली. १९७८ च्या हस्तलिखित परवान्यावर वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक होते, आधार कार्डावर दुसरे, आणि दाखल्यावर आधारप्रमाणे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. दुसरे प्रतिज्ञापत्र वारसांचे, आणि तिसरे आई व दादा यांच्या ना हरकतीचे. तिन्हींचा नोटरीसह खर्च १,८५० रुपये झाला. वडिलांच्या परवान्याला राष्ट्रीय नोंदणीचा युनिक क्रमांक, म्हणजे यूआयएन, मिळालेला होता, हे आमचे भाग्य. जुनी पुस्तिका घरात असेल तर त्यावर हा क्रमांक चढवलेला आहे का, हे आजच पाहून ठेवावे, कारण त्याशिवाय परवाना ग्राह्य धरला जात नाही.

अर्ज एनडीएएल-एलिस या केंद्रीय संकेतस्थळावर ए-१ नमुन्यात भरायचा आणि त्याची छापील प्रत कागदपत्रांसह परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायची, अशी पद्धत आहे. अधिकारी कोण, हे पत्त्यावर ठरते. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर यांसाठी ठाणे पोलीस आयुक्त. नवी मुंबईचे आयुक्तालय वेगळे. मीरा-भाईंदर आणि वसई-विरार २०२० पासून स्वतंत्र आयुक्तालयात. आणि मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी. मी ४ मार्च २०२४ रोजी कळवा पुलाजवळच्या आयुक्तालयात संच दिला आणि आवक क्रमांक घेतला. त्या क्रमांकाचा कागद मी वर्षभर पर्समध्ये बाळगला. चौकशीला गेल्यावर नाव सांगून फाइल सापडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्याहून कमी वेळ क्रमांक सांगितल्यावर लागतो.

बाराच दिवसांनी, १६ मार्चला, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेण्याचे काम चालते, नव्या परवान्यांचे थांबते. ठाण्यात २० मे रोजी मतदान झाले आणि ६ जूनला आचारसंहिता उठली. नियमांत पोलीस अहवालासाठी तीस दिवस आणि त्यानंतरच्या निर्णयासाठी साठ दिवस सांगितलेले आहेत, पण निवडणुकीच्या वर्षात हा हिशेब धरून चालू नये.

याच रिकाम्या तीन महिन्यांत दुसरा प्रश्न डोके वर काढू लागला. दक्षिण मुंबईतील एका शस्त्रविक्रेत्याला दादाने वडिलांच्या शस्त्राचे वर्णन सांगितले, तेव्हा त्याने न पाहताच सव्वाचार लाख रुपये देऊ केले. वर तो म्हणाला की हे विलायती आहे, देशी मालात ही खात्री नाही, वारसाचा परवाना झाला की आधी माझ्याकडे या. दादाचे म्हणणे असे की सव्वाचार लाखांना विकावे, लाखाच्या आसपास नवे घ्यावे आणि उरलेले आईच्या नावावर ठेवावे. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. ज्या वस्तूला एकाच वेळी विकत घेणारा माणूस 'खात्रीची' म्हणतो आणि ती न पाहताच भाव सांगतो, त्या भावात खात्रीचा वाटा किती, असा प्रश्न मला पडला.

उत्तर शोधताना जे समजले ते असे. भारतात सामान्य नागरिकाला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत आहे. ९ मिलिमीटर हे प्रतिबंधित बोअर असल्यामुळे ते नागरिकाला मिळत नाही. म्हणून हातशस्त्र म्हटले की आपल्याकडे मुख्यतः .३२ बोअर. त्यात जी विलायती शस्त्रे देशात आधीच येऊन बसली आहेत तेवढीच एका हातातून दुसऱ्या हातात फिरतात, नवी येत नाहीत, आणि त्यांचा भाव दरवर्षी चढतो. वडिलांच्या शस्त्राचा सव्वाचार लाख हा भाव त्याच्या दुर्मीळपणाचा होता. ते हमखास चालेल की नाही, याबद्दल त्या आकड्यात काहीच नव्हते.

परदेशातील स्वस्त-महाग हा वाद वेगळा आहे, कारण तिथे नवी शस्त्रे शेजारीशेजारी मांडून निवडता येतात. अमेरिकेत हाय-पॉइंट नावाचे अत्यंत स्वस्त पिस्तूल मिळते. त्याची स्लाइड, म्हणजे गोळी सुटताना मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव आणि जाडजूड असते; दिसायला ओबडधोबड, पण गोळी सुटताना मागे येणारा जोर केवळ वजनाने आणि स्प्रिंगने पेलण्याची ती साधी रचना आहे. दुसऱ्या टोकाला, ग्लॉक या कंपनीने पिस्तुलाची चौकट प्लास्टिकची केली, भाग कमी केले, आणि १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने हे पिस्तूल स्वीकारले. ज्याला आज भरवशाचे मानतात ते घडवायला सोपे आणि भाग थोडे असलेले आहे, हे मला फार बोलके वाटले. नामवंत कंपन्याही चुकांना अपवाद नाहीत. सिग सावरचे पी३२० हे पिस्तूल २०१७ च्या जानेवारीत अमेरिकन सैन्याने निवडले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ते विशिष्ट कोनात पडले तर गोळी सुटू शकते असे दिसल्यावर, नागरी पिस्तुलांचे ट्रिगर बदलून देण्याची योजना कंपनीने जाहीर केली.

आपल्याकडे पूर्वी आयुध निर्माणींकडे असलेले काम २०२१ च्या ऑक्टोबरपासून सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले, आणि त्यांपैकी कानपूरची एडब्ल्यूईआयएल (अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड) ही कंपनी आता .३२ रिव्हॉल्व्हर बनवते. जुन्या देशी .३२ चा आराखडा मुळात वेब्ली या इंग्रजी कंपनीच्या रिव्हॉल्व्हरवरूनच आलेला आहे. २०१४ मध्ये आलेले 'निर्भीक' टायटॅनियम मिश्रधातूचे, अर्धा किलोच्या आसपास वजनाचे होते आणि त्याची किंमत तेव्हाच एक लाख बावीस हजारांवर होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 'प्रबल'चे सिलिंडर बाजूला उघडते. खुद्द वेब्लीच्या नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे तयार होते. म्हणजे 'देशी' आणि 'विलायती' या दोन शब्दांत व्यापारी जेवढे अंतर दाखवतात, तेवढे आराखड्यात नाही. काडतूसही तेच, बहुधा आपल्या खडकीचे. .३२ चे हे रिव्हॉल्व्हर काडतूस १८९६ सालचे, कमी दाबाचे आहे. त्यामुळे शस्त्रावर फार ताण येत नाही आणि नेटक्या बनावटीचे कोणतेही शस्त्र ते सहज पेलते.

११ जुलैला पोलीस ठाण्यातून पडताळणीसाठी बोलावणे आले. दोन शेजाऱ्यांचे जबाब झाले, घरात शस्त्र कुठे ठेवणार ते पाहिले गेले. मी भिंतीत बोल्ट मारून बसवलेली पोलादी पेटी ७,२०० रुपयांना घेतली होती, तिचा फोटो अर्जाला जोडला. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवणार का, असे विचारले गेले. मी तसेच ठरवलेले होते. वैद्यकीय प्रमाणपत्र विहित नमुन्यातच लागते, डॉक्टरांच्या साध्या लेटरहेडवरचे चालत नाही. नमुना आपणच छापून न्यावा.

शस्त्र सुरक्षिततेचे प्रशिक्षण नवी मुंबईतील एका रायफल क्लबमध्ये ४, ११ आणि १८ ऑगस्ट या तीन रविवारी झाले. शुल्क साडेपाच हजार. मी आयुष्यात प्रथमच शस्त्र हातात घेत होते आणि पहिल्या दिवशी माझा तळहात एवढा घामेजला की प्रशिक्षक सरांनी दोनदा थांबून तो पुसायला सांगितला. ट्रिगरवर बोट केव्हा जाते, नळीचे तोंड कुठे असते, शस्त्र दुसऱ्याच्या हातात देताना ते उघडे आणि रिकामे कसे दाखवायचे, हेच पहिले दोन रविवार चालले. ते कंटाळवाणे वाटले नाही. वडील कारखान्यात नव्या मुलाला लेथ चालू करू देण्याआधी आठवडाभर फक्त बंद मशीन पुसायला लावत, त्याची आठवण झाली.

तिसऱ्या रविवारी मी सरांना स्वस्त-महाग हा प्रश्न विचारला. ते स्वतः स्पर्धेत उतरलेले. त्यांनी सांगितले की स्पर्धेची महागडी पिस्तुले ज्यासाठी पैसे घेतात ती गोष्ट अचूकपणाची आहे. मूठ हाताच्या मापाची, नळी काटेकोर, आणि ट्रिगर असा की २५ मीटरच्या प्रकारात नियमाने किमान एक किलो आणि १० मीटर एअर पिस्तुलात किमान ५०० ग्रॅम वजनावर, दर वेळी त्याच ठिकाणी, सुटावा. पण ज्याची घरे इतकी काटेकोर, ते काडतुसाच्या बाबतीत चोखंदळही असते. एका कारखान्याचे काडतूस त्याला चालते, दुसऱ्याचे अडते. साधे, जरा सैल मापाचे शस्त्र धूळ-तेल सगळे पोटात घेऊन चालत राहते. "मॅडम, अचूक आणि भरवशाचे हे दोन वेगळे गुण आहेत. दुकानात दोन्ही एकाच शब्दात विकतात," असे ते म्हणाले, आणि तिथून माझ्या विचाराला दिशा मिळाली.

१९ सप्टेंबरला मुलाखत झाली. शस्त्र कशासाठी हवे, या प्रश्नाला मी खरे ते सांगितले: वडिलांचे आहे म्हणून, आणि रेंजवर सराव करायचा आहे म्हणून. जिवाला धोका वगैरे काही रचून सांगू नये. वारसाच्या अर्जात त्याची गरजही नसते. निर्णय होणार असे वाटत असतानाच १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. ते सव्वा महिना मला पहिल्या वेळेपेक्षा जड गेले, कारण वडिलांचे वर्षश्राद्ध जवळ येत होते आणि त्याआधी हे काम व्हावे असे आईला फार वाटत होते. ८ जानेवारी २०२५ रोजी, वर्ष पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी, परवाना हातात आला. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा असतो आणि त्यावर जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात. शासकीय शुल्क धरून तोपर्यंतचा माझा एकूण खर्च सतरा हजारांच्या आसपास झाला. कोणालाही याव्यतिरिक्त एक रुपया द्यावा लागला नाही.

१३ जानेवारीला शस्त्र परत मिळाले. डबीतील चौदा जुनी काडतुसे मी परत न घेता नष्ट करण्यासाठी तिथेच सोडली. ती पंचवीस वर्षांपूर्वीची होती. नवी ५० काडतुसे घेतली, साडेसहा हजार रुपयांना, आणि विक्रेत्याने ती परवान्यावर चढवली.

२ फेब्रुवारीच्या रविवारी रेंजवर वडिलांचे रिव्हॉल्व्हर प्रथमच माझ्या हातून चालले. पहिल्या सहांतल्या चार ओळीने सुटल्या, पाचव्या वेळी फक्त खट् असा आवाज झाला. शिकवल्याप्रमाणे मी नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस आकडे मोजले, कारण काडतूस कधी कधी उशिराने पेटते. काही झाले नाही. सहावी सुटली. दुसऱ्या सहांत पुन्हा एकदा तोच खट् आवाज. सव्वाचार लाखांचे शस्त्र बारापैकी दोनदा नुसतेच वाजले होते.

सरांनी सुटलेली आणि न सुटलेली काडतुसे पांढऱ्या कागदावर बूड वर करून शेजारी शेजारी उभी केली आणि मला भिंग दिले. सुटलेल्या काडतुसाच्या मधल्या टिकलीवर वाटीसारखा खोल, गोल खळगा होता. न सुटलेल्या दोन्हींवर टाचणीच्या डोक्याने दाबावे तेवढीच उथळ खूण. त्यांनी ती दोन्ही क्लबच्या देशी रिव्हॉल्व्हरमध्ये घातली आणि दोन्ही पहिल्याच ठोक्याला सुटली. दुसऱ्या ठोक्याला काडतूस तसेही सुटू शकते, म्हणून एवढ्यावर त्यांनी निष्कर्ष काढला नाही. क्लबच्या त्याच कारखान्याच्या काडतुसांनी आम्ही देशी रिव्हॉल्व्हर आठ वेळा भरून चालवले. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस सुटल्या. त्याचा ट्रिगर जड होता, माझ्या गोळ्या कागदावर पसरट पडल्या, पण एकदाही खट् झाले नाही.

घरी परत येताना ऐरोलीच्या पुलाजवळ मी मनातल्या मनात हिशेब मांडला. अठ्ठेचाळीस वेळा बिनचूक चालले, यावरून किती खात्री बाळगावी? संख्याशास्त्रात तिनाचा एक सोपा नियम आहे: सर्व चाचण्या यशस्वी झाल्या तर तीनला चाचण्यांच्या संख्येने भागावे, म्हणजे बिघाडाचे प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकेल याचा ९५ टक्के भरवशाचा अंदाज मिळतो. अठ्ठेचाळीस चाचण्यांनी एवढेच कळते की ते प्रमाण सव्वासहा टक्क्यांच्या वर बहुधा नाही. ते दीड टक्क्यावर आणायचे तर दोनशे काडतुसे बिनचूक सुटायला हवीत. मी दिलेल्या दराने दोनशे काडतुसांना सव्वीस हजार रुपये लागतात, आणि परवान्यावर वर्षाला किती घेता येतील यालाही मर्यादा असते. बहुतेक परवानाधारक शस्त्र वर्षानुवर्षे कपाटात ठेवतात आणि एकदाही चालवून पाहत नाहीत. मग ते चालेल की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे किमतीखेरीज आणि नावाखेरीज काहीच उरत नाही. वडिलांनीही, मला आठवते तेवढ्या वर्षांत, ते कधी चालवलेले नव्हते. त्यांचा त्या शस्त्रावर पूर्ण विश्वास होता, आणि ते सहापैकी एकदा चालणार नव्हते, ही गोष्ट मला त्या पुलावर फार लागली.

१० फेब्रुवारीला मी ते दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका वयस्क कारागिरांकडे नेले. सोबत परवान्याची मूळ प्रत न्यावी लागते आणि दुरुस्तीला दिल्याची पावती घ्यावी लागते. त्यांनी शस्त्र प्रथम प्रकाशात धरून नळीचे आटे, म्हणजे आतले वळणदार चर, पाहिले. गंज बाहेरच होता, आत नव्हता. मग घोडा अगदी सावकाश मागे ओढत, तो पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर जागेवर अडकते का, हे सहाही घरांसाठी पाहिले. त्यानंतर खिशातून त्यांनी पात्यांचा एक छोटा जुडगा काढला आणि मी तो क्षणात ओळखला. फीलर गेज. वडिलांच्या खिशाला नेहमी असायचा, आणि लहानपणी मी त्याची पाती पंख्यासारखी उघडत-मिटत बसायची. कारागिरांनी सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीत एकेक पाते सरकवले. पाच थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गेले, सहाचे अडले. "ही फट उत्तम आहे," ते म्हणाले, "चार ते आठ थाऊ असली की आम्ही बोलत नाही. बिघाड घोड्याला जोर देणाऱ्या मेन स्प्रिंगचा आहे. पन्नास वर्षे दाबलेली स्प्रिंग थकणारच." आयातीचे सुटे भाग मिळत नसल्यामुळे नवी स्प्रिंग त्यांनी हाताने घडवली. एकोणीस दिवस आणि साडेतीन हजार रुपये लागले. नव्या देशी शस्त्राचा भाग मागवता येतो, जुन्या विलायतीचा घडवावा लागतो आणि तो घडवणारे हात दरवर्षी कमी होत आहेत, हेही किमतीत कुठे लिहिलेले नसते.

शस्त्रावरच्या प्रूफ हाउसच्या, म्हणजे शस्त्र तपासणाऱ्या संस्थेच्या, खुणा दाखवून मी त्यांना विचारले की या खुणा म्हणजे खात्री नव्हे का. त्यांचे उत्तर मी लक्षात ठेवले आहे. ती खूण एवढेच सांगते की नळी आणि सिलिंडर नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने एकदा तपासले गेले आणि फुटले नाही. स्प्रिंग किती वर्षे टिकेल, हे तिला माहीत नसते.

२३ मार्चला पुन्हा रेंजवर गेले. पाच वेळा भरले, तीस काडतुसे, सगळी सुटली. तिनाच्या नियमाने हा भरवसा देशी रिव्हॉल्व्हरच्या अठ्ठेचाळीसपेक्षाही कमी आहे, हे मी दादाला स्पष्ट सांगितले. कोणी मला विचारले की स्वसंरक्षणासाठी, चालायलाच हवे असे, एकच शस्त्र घ्यायचे तर कोणते, तर मी आज नवे देशी रिव्हॉल्व्हर सांगेन, आणि वाचलेल्या तीन लाखांतून काही रक्कम काडतुसांवर आणि सरावावर खर्च करायला सांगेन. जुने विलायती घ्यायचेच असेल तर पैसे देण्याआधी जाणकार कारागिराकडून स्प्रिंग, सिलिंडरची पकड, फट आणि आटे तपासून घ्यावेत, आणि रेंजवर निदान दोन डझन काडतुसे स्वतःसमोर चालवून पाहावीत. विक्रेता याला तयार नसेल तर तो सौदा सोडून द्यावा.

आम्ही मात्र ते विकले नाही. आईला दादाने सव्वाचार लाखांचा हिशेब सांगितला तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले की त्या माणसाने ते पाहिले तरी आहे का. दादाने नाही म्हटल्यावर तिने विषय संपवला. विकायचे ठरले असते तर, खाजगी व्यक्तीला विकताना, घेणाऱ्याचे नाव-पत्ता कळवून किमान ४५ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते, एवढे ज्यांना विकायचे आहे त्यांच्यासाठी नोंदवून ठेवते.

वडिलांच्या कपाटात परवान्याच्या जुन्या प्रतींसोबत एक निळी वही सापडली होती. त्यात प्रत्येक नूतनीकरणाची तारीख, चलन क्रमांक आणि शिल्लक काडतुसे त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेली आहेत. शेवटची नोंद: शिल्लक १४. त्याखाली एक ओळ सोडून मी लिहिले: १३ जानेवारी २०२५, जुनी १४ नाशासाठी जमा, नवी ५०. २ फेब्रुवारी, वापर १२. १ मार्च, मेन स्प्रिंग बदलली. २३ मार्च, वापर ३०. शिल्लक ८.